फळीच्या सांध्यातली हवा

नमस्कार मंडळी.

पार्सेतले तुम्ही सगळे आलात. चोपड्याहून, पेडण्याहून आलात. डिचोलीहून सुनंदाच्या माहेरची माणसं आली. सावंतवाडीकडचे आमचे भाऊबंद पहाटे निघून आले. इतके दिवस शेजारच्या बायकांनी आमच्या घरात चूल पेटू दिली नाही, डबे येत राहिले. कोणाकोणाचे आभार मानू? नाही मानत. मानायला लागलो तर बोलायचं तेच राहून जाईल.

मला चार लोकांत बोलायची सवय नाही असं नाही. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. इथे बसलेल्यांतल्या निम्म्यांना मी बाकावर उभं केलेलं आहे. पण आज स्वतः उभं राहणं जमत नाही. खरंच जमत नाही. सुनंदा गेल्यापासून मी एका जागी टेकलो म्हणून नाही. दिवसभर फाटकापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून फाटकापर्यंत. लोक म्हणतात, मास्तर, बसा, शांत व्हा. कसं व्हायचं ते कोणी सांगत नाही. तेव्हा बोलता बोलता मी या खांबाकडून त्या खांबाकडे गेलो तर सांभाळून घ्या.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे तिच्याबद्दल प्रेमाने बोलले. कोणी म्हणालं, आमच्या सुनंदाबायने रॉकेटं उडवली. कोणी म्हणालं, क्षेपणास्त्रं केली. एकाने सांगितलं, तिचा शब्द आयुष्यात कधी खोटा ठरला नाही. मी त्या खुर्चीत बसून ऐकत होतो आणि मला बसवत नव्हतं. कारण काल दुपारी मला एक फोन आला. त्या फोनवर जे कळलं ते सांगायलाच मी उभा आहे.

सदाभाई, तुम्ही समोरच बसला आहात. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, हे सदाभाई, सुनंदाचे थोरले भाऊ. डिचोलीत ट्रकच्या सुट्या भागांचं यांचं दुकान आहे. मी काय सांगणार आहे ते यांना काल कळलं आणि यांनी मला हात जोडून सांगितलं, नको. भाई, मी ऐकलं. विचारही केला. तरी सांगतो आहे. रागावू नका. आणि रागावलात तरी शेवटपर्यंत बसा.

आधी सुनंदा काय काम करायची ते सांगतो. नाहीतर त्या फोनचा अर्थ लागायचा नाही.

ही गोष्ट सदाभाईंनीच मला लग्नाच्या वेळी सांगितली होती. डिचोलीच्या बाजारातून तेव्हा दिवसभर खाणीचे ट्रक जायचे. तांबडी धूळ घराघरांत, माणसांच्या भुवयांत. सुनंदा शाळकरी. तिने भाईंना विचारलं, ट्रकच्या मागच्या फळीवर धूळ जास्त का बसते? वारा तर पुढून लागतो. भाई म्हणाले, चाकं धूळ उडवतात ती मागे जाते गो, त्यात काय? तिचं समाधान झालं नाही. तिने एका उभ्या ट्रकच्या मागच्या फळीला चिंध्या बांधल्या. मग भाईंच्या सायकलच्या कॅरियरवर बसून त्या ट्रकच्या मागे निघाली. बाजारात ट्रक हळू चाललेला. आणि तिने बघितलं की चिंध्या मागे उडतच नाहीयेत. त्या पुढे, ट्रकच्या दिशेने, फळीवर आपटताहेत. वारा पुढून येऊन, ट्रकच्या पाठीमागे वळून, उलटा फळीवर येत होता. धूळ तोच आणून टाकत होता. ड्रायव्हरने खाली उतरून भाईंना शिव्या घातल्या. भाईंनी खाल्ल्या. सुनंदा मात्र घरी जाईपर्यंत बडबडत होती.

ती पुढे इंजिनियर झाली. दक्षिणेत एका सरकारी प्रयोगशाळेत लागली आणि तिथेच राहिली. मी इथे शाळेत. मूलबाळ झालं नाही. गणपतीच्या चवथीला ती यायची, मे महिन्यात मी जायचो, आणि रोज संध्याकाळी फोन. आमचा संसार असाच झाला. लोक मला विचारायचे, मास्तर, बायको तिथे करते काय? मी म्हणायचो, वारा करते. लोक हसायचे. पण उत्तर खरं होतं.

बघा, एखादं यान अवकाशात गेलं आणि परत खाली येऊ लागलं की त्याचा वेग आवाजाच्या कितीतरी पट असतो. त्या वेगात समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही. ती दाबली जाते आणि तापते. लोखंड वितळेल इतकी तापते. आता हे यान वरून खाली टाकून बघता येत नाही. टाकलं आणि जळलं तर गेलं. म्हणून त्याची छोटी प्रतिकृती करायची, आपल्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढी, आणि ती एका जागी घट्ट बसवून तिच्यावर तसा वारा सोडायचा. यान हलत नाही, वारा हलतो. त्यासाठी एक लांबच लांब जाड नळी असते. तिला वातबोगदा म्हणतात. सुनंदा त्या बोगद्यावर होती.

एकदा घरच्या माणसांना आत नेऊन दाखवायचा दिवस होता. मी गेलो. या मंडपापासून तळीपर्यंत पोचेल एवढी ती नळी. एका टोकाला प्रचंड दाबाचा वायू भरायचा. मध्ये धातूचा एक पत्रा. दाब वाढत वाढत गेला की पत्रा फाटतो आणि वायू धडक मारत पुढे जातो, तापतो, आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या प्रतिकृतीवर जाऊन आदळतो. आम्ही जाड भिंतीच्या पलीकडच्या खोलीत उभे. जत्रेत लांब कुठेतरी गर्नाल फुटावं तसा एक आवाज झाला. मी वाट बघत राहिलो. मग विचारलं, सुनंदा, सुरू कधी होणार?

ती म्हणाली, "झालं, मास्तर."

"काय झालं?"

"वारा येऊन गेला."

पापणी लवायच्या आत सगळं संपलेलं. आणि त्याची तयारी दिवसच्या दिवस चाललेली. प्रतिकृतीच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे सेन्सर बसवायचे. कुठे किती ताप लागला ते प्रत्येक सेन्सर सांगतो. त्या क्षणात जे मिळेल ते मिळेल. मग पुन्हा नवा पत्रा, पुन्हा तयारी. मी तिला म्हटलं, एवढ्याशा वाऱ्यासाठी एवढा खटाटोप? ती म्हणाली, वरून येणाऱ्या माणसाला तेवढाही वेळ मिळणार नाही.

कारण ते यान तसंच होतं. आधी रिकामं उडणार, पुढे त्यात माणसं बसणार. त्याच्या शेपटाकडे एक हलणारी फळी होती. ती खालीवर करून यान वळवायचं. ती फळी आणि यानाचं अंग यांच्यामध्ये बारीकसा सांधा. दाराच्या बिजागरीत असते तशी फट. एका चाचणीत त्या सांध्याजवळच्या एका सेन्सरने भलताच ताप दाखवला. शेजारच्या सगळ्यांच्या कितीतरी वर. पुढच्या चाचणीत तोच सेन्सर व्यवस्थित. त्याच्या पुढच्यात व्यवस्थित. मग मध्येच एकदा पुन्हा वर.

तिचे वरिष्ठ होते वेणुगोपाल साहेब. फार चांगला माणूस. ते म्हणाले, सेन्सर बिघडलाय, तो आकडा सोडून द्या. सगळेच म्हणाले. एक सुनंदा म्हणाली, बिघडला असेलही. पण हवाच मधूनमधून त्या फटीत शिरत असेल तर? ते कोणी बघितलंय? तिला त्या जागी सेन्सर दाट बसवलेली नवी प्रतिकृती हवी होती आणि पुन्हा पहिल्यापासून चाचण्या हव्या होत्या. म्हणजे उड्डाण पुढे ढकलायचं. एका सेन्सरसाठी. मंडळी, तिथेही माणसंच असतात. त्यांनाही वरून विचारणारे असतात. बैठकीत आवाज चढले. हिचाही चढला असणार, मी ओळखतो तिला. शेवटी तिला सांगण्यात आलं, तुम्ही थकला आहात, थोडे दिवस घरी जाऊन या.

ती आली. त्या दिवसांत तुमच्यातल्या पुष्कळांनी तिला बघितलं असेल. सकाळी काजूच्या भाटात झाडांखाली, दुपारी रस्त्यावर, संध्याकाळी चोपड्याच्या धक्क्यावर. एक बाई मला म्हणाली, सुनंदाबाय काहीतरी शोधताहेत का हो? घरात ती एक भांडं घासायला घेई आणि अर्धं ठेवून बाहेर जाई. दारापुढच्या बाल्कांवातल्या दगडी सोप्यावर बसली की लगेच उठे. जेवताना घास हातात तसाच. मला वाटलं, नोकरीचा अपमान झाला म्हणून हे चाललंय. तसं नव्हतं.

एका संध्याकाळी ती मला चोपड्याला घेऊन गेली. भरती उतरत होती. धक्क्याच्या खांबांवर शापोरा नदीचं पाणी येऊन फुटत होतं. मासे उतरवणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली, "मास्तर, खांबावर पाणी येतं ते बघू नका. खांब आणि भिंत जिथे मिळतात, तो कोपरा बघा." मी बघितलं. पाणी तिथे अडत होतं आणि मागे वळून भोवऱ्यासारखं फिरत होतं. मध्येच एकदा तो भोवरा सुटायचा आणि फटीतून आत जायचा. मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

"कधी जातं, कधी जात नाही," ती म्हणाली. "रोज गेलं असतं तर मी घाबरले नसते. हे 'कधी'च मला बसू देत नाही."

मी तिथेच तिच्याशी भांडलो. लोकांसमोर. म्हटलं, इतके हुशार लोक एक सांगतात आणि तू एक धरून बसतेस. पाच वर्षांत निवृत्त होशील. सोडून दे. आणि समज, तुझंच चुकत असेल तर?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे बघायचो. म्हणाली, "चुकत असेल तर उत्तमच आहे. माणसं सुखरूप खाली येतील. माझं चुकावं अशीच माझी इच्छा आहे. पण चुकलं हे कळायला हवं ना? आता कोणालाच काही कळलेलं नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही. आणि सगळे सह्या करायला बसलेत."

मला ते पटलं नाही. मी स्कूटर काढली.

काही दिवसांनी वेणुगोपाल साहेबांचाच फोन आला. त्यांनी स्वतः वर जाऊन तिच्यासाठी परवानगी काढली होती. एक नवी प्रतिकृती, मोजक्या चाचण्या, त्यानंतर विषय बंद. तिने फोन ठेवला आणि त्याच दिवशी बॅग भरली. मी बसस्टँडवर सोडायला गेलो तर मला म्हणते, सदाभाईंना सांगू नका हं, ते डिचोलीभर करतील.

पण भाईंना कळलंच. आणि भाईंनी डिचोलीभर केलंच. माझ्या भैणीन यान अडयलें. दुकानात ट्रकचे पार्ट घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं गेलं. सगळे साहेब एका बाजूला आणि आमची सुनंदा एका बाजूला, आणि बघा, तिचंच खरं होणार. भाई, मी चेष्टा करत नाही. तुम्हाला अभिमान होता. मलाही होता. मी फक्त बोलत नव्हतो.

चाचण्या सुरू झाल्या. तिच्याबरोबर सेन्सर बसवणारी एक मैत्रीण होती, रेवती. दोघी एकाच वेळी नोकरीला लागलेल्या. पहिल्या काही चाचण्यांत काहीच वावगं दिसलं नाही. पण सांध्यातली फळी पूर्ण खाली वाकवून करायच्या चाचण्या बाकी होत्या आणि तिची भीती नेमकी तिथेच होती. तेवढ्यात बोगद्याचा पंप बिघडला. दुरुस्तीला वेळ लागणार होता. ती म्हणाली, तोवर चार दिवस येऊन जाते.

त्या चार दिवसांतलं मी फार सांगणार नाही. सांगण्यासारखं फार नाहीच. आम्ही नारळ उतरवून घेतले. तिने फणसाची भाजी केली. शेवटच्या सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला, ती पाव घ्यायला फाटकाशी गेली. परत आली, टोपली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मास्तर, डोकं फार दुखतंय." असं म्हणून ती खाली बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्वतःहून बसली. मी पाणी आणायला गेलो. आलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो. शेजारच्यांनी गाडी काढली. म्हापशाला निघालो. चोपड्याचा पूल ओलांडताना माझ्या हातात तिचा हात होता, आणि पुलाच्या पलीकडे पोचेपर्यंत तो हात तिचा राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, तुम्ही काहीही करू शकला नसता. ते खरंच असेल. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे. दुसरं काय करू?

तिला अग्नी दिला. दोन दिवसांनी वेणुगोपाल साहेबांचा फोन आला. रडत होते. मग म्हणाले, दामोदर, एक विचारायचं आहे, अवघड आहे. पंप दुरुस्त झालाय. पण ज्यांनी चाचण्या मागितल्या त्या सुनंदाच राहिल्या नाहीत. इथे सगळे म्हणताहेत, आता हे इथेच थांबवू. तिच्याबद्दल आदर आहे, पण थांबवू.

मंडळी, मी हायस्कुलातला मास्तर. त्या बोगद्यातलं मला काय कळतं? मला विचारायचं कारणही नव्हतं. पण त्यांनी विचारलं, तर मी सांगितलं. म्हटलं, साहेब, आदर राहू दे बाजूला. फळी वाकवून बघितलीत का?

ते म्हणाले, नाही.

म्हटलं, मग बघा.

ते म्हणाले, बघतो. मग म्हणाले, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी फार फरक पडला नसता. रेवती प्रतिकृतीला कोणाला हात लावू देत नाहीये.

तेव्हापासून मी असा फिरतो आहे. लोकांना वाटलं, दुःखाने फिरतोय. दुःख तर आहेच. पण त्यात त्या निकालाची वाट बघणंही होतं. भटजी मंत्र म्हणत होते, मी दर्भ हातात धरून बसलो होतो, आणि माझा कान आतल्या खोलीतल्या फोनकडे. पिंडाला कावळा शिवायची सगळे वाट बघत उभे होते. सदाभाई म्हणाले, तिची काहीतरी इच्छा राहिलीय. मी मनात म्हटलं, राहिलीय खरी.

काल दुपारी फोन आला. रेवतीचा.

आता ऐका. फळी पूर्ण वाकवून त्यांनी चाचणी केली. मग आणखी केल्या. सांध्याभोवती सगळे सेन्सर दाटीने बसवलेले. हवा कोपऱ्यात अडत होती, मागे वळून फिरत होती, सुनंदा म्हणत होती तसंच. पण फटीत शिरत नव्हती. एकदाही नाही. ताप जेवढा यायला हवा तेवढाच. मग तो जुना आकडा कुठून आला? रेवतीने जुनी प्रतिकृती बाहेर काढली आणि तो जुना सेन्सर भिंगाखाली धरला. तो ज्या गोंदाने बसवला होता तो गोंद एका बाजूने सुटला होता. बोगद्याच्या हिसक्याने तो सेन्सर मधूनमधून केसाएवढा वर यायचा. वर आला की वारा थेट त्याच्या कडेवर आदळायचा. खाली बसला की सगळं व्यवस्थित. बस्स. एवढंच होतं.

रेवती रडायला लागली. म्हणाली, तो सेन्सर मी बसवला होता, भाऊजी. माझ्या हाताने. तिने माझ्यामुळे इतका त्रास काढला.

मी काय बोललो मला आठवत नाही. बहुतेक मी तिला म्हटलं, रेवती, ती असती तर तुला आधी चहा पाजला असता.

मग वेणुगोपाल साहेब फोनवर आले. म्हणाले, दामोदर, मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो ना, सेन्सर बिघडलाय? माझंच बरोबर निघालं. मग म्हणाले, पण मी अंदाजाने बरोबर होतो. मला माहीत नव्हतं. मी नुसतं म्हणत होतो. आणि माझ्या त्या म्हणण्यावर मी माणसं बसवायला निघालो होतो. आज मला माहीत आहे. आज मी सही करीन आणि घरी जाऊन झोपेन.

मंडळी, मी फोन ठेवला आणि हसायला लागलो. खरंच हसलो. आणि उठून आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने हाक मारली, "सुनंदा, ऐकलंस? तुझं चुकलं गो!"

माझी पुतणी आत शेजारचे डबे घासत होती. ती घाबरून उभी राहिली.

मग मला घरात थांबवेना. मी स्कूटर काढली. कुणाला तरी सांगायला हवं होतं. जिला सांगायचं ती नव्हती. मग तिच्या रक्ताचं कोण? डिचोलीला गेलो. सदाभाई दुकानात होते. त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. भाई ऐकत राहिले. हातातला बेअरिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमचें चेडूं, आमचें सुनंदा, चुकलें?"

म्हटलं, होय.

"आणि तें तुमी उद्यां सभेंत सांगतले?"

म्हटलं, होय.

भाईंनी हात जोडले. म्हणाले, मास्तर, सगळ्या डिचोलीला मी सांगून ठेवलंय. ती गेली म्हणून लोक आजही दुकानात येऊन मला म्हणतात, तुझी बहीण खरी निघाली असती. तेवढं राहू द्या माझ्याकडे. गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं. हे कशाला?

मी काल त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. उभ्या उभ्या निघून आलो. आज देतो. भाई, हे चांगलंच आहे. याहून चांगलं माझ्याकडे तिच्याबद्दल काही नाही. बरोबर ठरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. वेणुगोपाल साहेब बरोबर ठरले. पण सगळे हो म्हणत असताना एकटीने उभं राहून, स्वतः खोटं ठरण्याची चाचणी स्वतःच मागून घेणारं माणूस तुम्ही किती बघितलंत? मी एक बघितलं. तिच्याशी माझं लग्न झालं होतं. ते यान आता उडेल. पुढे कधीतरी त्यात माणसं बसतील. ती खाली येताना त्यांच्या आयांना, बायकांना रात्रभर जागावं लागेल तेवढं लागेल, पण त्या सांध्यासाठी नाही. त्या सांध्याचं आता माहीत आहे. ते तुमच्या बहिणीने माहीत करून घेतलं. तुम्ही दुकानात हेच सांगा ना, भाई. सांगायला थोडं लांब आहे. पण तुमचं गिऱ्हाईक थांबतं, मला ठाऊक आहे.

माझा अजून तिच्यावर राग आहे. तो जात नाही. हे ऐकायला ती थांबली नाही याचा राग आहे. इतकी बेचैन बाई, आणि नेमक्या याच वेळी तिला घाई झाली. हा राग घेऊन मी काय करू ते मला कळलेलं नाही. तुम्हाला कोणाला कळलं तर येऊन सांगा. मी फाटकापाशीच असतो.

आता मला जास्त बोलवणार नाही.

सदाभाई, उठलात? भाई, जाऊ नका. एवढं ऐकलंत, आणखी एक क्षण...

अहो, हे कशाला? तुम्ही कशाला उठलात, पोरांपैकी कोणी दिलं असतं पाणी. बरं. द्या. द्या इकडे.

बसू नका, भाई. इथेच उभे राहा, माझ्या बाजूला.

मंडळी, तुम्हीही उभे राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच. सुनंदासाठी थोडा वेळ कोणीही काही बोलू नका. डोळे मिटायचे तर मिटा. उघडे ठेवलेत तरी चालतील.

सुनंदा, आम्ही सगळे आहोत इथे. नमस्कार.